माझ्या वेगाला वळणारी स्की

रत्नागिरीहून पावसकडे येणाऱ्या रस्त्यावर, समुद्रापासून वीसेक मिनिटांच्या चालीवर आमचे घर आहे. माळ्यावर एका बाजूला आंब्याच्या आढीसाठी रचून ठेवलेला पेंढा, दुसऱ्या बाजूला फवारणीच्या पंपाचे सुटे भाग, आणि मधल्या दोन वाशांमधून आडवी टांगलेली माझी स्कीची जोडी, अशी तेथील मांडणी आहे. जिथे थंडीत स्वेटरही कधी तरीच लागतो, तेथे हे काय म्हणून ठेवले आहे, असे घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आता त्या प्रश्नाची सवय झाली आहे. परंतु गेल्या महिन्यात पुण्याच्या माझ्या भाचीने फोनवर जे विचारले, ते अधिक नेमके होते. उत्तराखंडातील औलीला तिचे स्कीइंगचे दोन कोर्स झाले आहेत, थांबणे-वळणे तिला बऱ्यापैकी जमते, आणि आता कार्व्हिंग नीट शिकायचे म्हणून तिला स्वतःची स्की घ्यायची आहे. "मावशी, बायकांची स्की वेगळी असते म्हणजे नक्की काय वेगळे असते? रंग सोडून सांग," असे ती म्हणाली. तासभर बोलूनही माझे उत्तर पुरे झाले नाही, म्हणून ते येथे लिहून काढते आहे.

मी स्कीइंग शिकले ते छत्तिसाव्या वर्षी, गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्थेच्या चौदा दिवसांच्या कोर्समध्ये. त्यानंतर बहुतेक वर्षी फेब्रुवारीत दोन आठवडे मी बर्फावर असते. याहून अधिक दिवस मिळणे शक्य नाही, कारण तेच दिवस कलमांना मोहोर असण्याचे आणि तुडतुड्यांवर फवारणी करण्याचे असतात, आणि दिरांच्या भरवशावर बाग सोडून जायचे म्हटले तरी त्याला मर्यादा आहे. वर्षाकाठी चौदा दिवस ज्याच्या वाट्याला येतात, त्याने चुकीच्या स्कीवर दोन हंगाम घालवणे म्हणजे अठ्ठावीस दिवस वाया घालवणे होय. मी ते घालवले आहेत.

स्कीने वळण दोन प्रकारे घेता येते. पहिल्या प्रकारात स्की आडवी सरकवायची, तिची शेपूट बाहेर ढकलायची आणि बर्फ खरवडत दिशा बदलायची. आपण सगळे हेच आधी शिकतो, आणि वेग आवरण्यासाठी ते अत्यंत उपयोगाचेही आहे. मागे वळून पाहिले तर खराट्याने अंगण झाडल्यासारखा रुंद, फिसकटलेला पट्टा बर्फावर दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे कार्व्हिंग. त्यात स्की कडेवर कलवायची आणि ढकलायची मुळीच नाही. कलवलेली स्की वजनाखाली कमानीसारखी वाकते, तिची पोलादी कड बर्फात रुतते आणि स्वतःच्या आकाराप्रमाणे वळण कापत जाते. शेपूट नेमकी टोकाच्याच वाटेने येते. सुताराने गेरूत बुडवलेला दोरा ताणून फळीवर मारावा, तशा दोन बारीक, स्वच्छ रेघा मागे उरतात. पहिल्यांदा माझ्या मागे तशा रेघा उमटल्या, तेव्हा त्या दुसऱ्या कोणाच्या आहेत असे समजून मी थांबून आजूबाजूला पाहिले होते.

त्या रेघा उमटण्यापूर्वीची दोन वर्षे माझ्याकडे जी जोडी होती, ती मी एका दुकानात फोनवरून विचारपूस करून घेतलेली होती. दुकानदाराने विचारले, कुठे जाता? मी म्हणाले, गुलमर्गला. तो म्हणाला, मग तेथे भुसभुशीत बर्फ खूप पडतो, रुंद स्की घ्या, बायकांसाठी हलकी आणि मऊ येते, दमायला होणार नाही. यातील प्रत्येक वाक्य सुटे पाहिले तर खरे होते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तेथील गोंडोला दोन टप्प्यांत अफरवत पर्वताच्या खांद्यावर जवळजवळ ३,९८० मीटरपर्यंत नेतो, आणि वरच्या त्या न दाबलेल्या खोल बर्फासाठी जगभरातून लोक येतात. त्या बर्फात रुंद स्की हवीच. अरुंद स्की त्यात बुडते. परंतु मला तेथे जायचेच नव्हते. मला खालच्या, यंत्राने दाबून सपाट केलेल्या उतारावर, सकाळी बर्फ कडक असताना वळणे गिरवायची होती. मी कोठे जाते हे त्याने विचारले, तेथे जाऊन काय करते हे विचारले नाही. आणि मीही ते आपणहून सांगितले नाही.

त्या स्कीवर मी कलत असे, पण स्की वळत नसे. पुरेशी वळावी म्हणून वेग वाढवला की भीती वाटे, भीती वाटली की गुडघे ताठ होत, आणि गुडघे ताठ झाले की पाय आपोआप शेपूट ढकलू लागत. पुन्हा खराटा. प्रशिक्षक बिचारे रोज सांगत, ढकलू नका, वाट पाहा. परंतु वाट पाहायची म्हणजे उतारावर सरळ खाली जात वेग वाढू द्यायचा, आणि तेवढा धीर माझ्यापाशी नव्हता. दोष माझ्या धिराचा आहे अशी माझी दोन वर्षे खात्री होती. पुढे स्कीवर छापलेले आकडे घेऊन एका पावसाळ्यात वही-पेन्सिल करत बसले, तेव्हा थोडा दोष भूमितीचाही निघाला.

प्रत्येक स्कीवर तीन आकडे छापलेले असतात: टोकाची, कंबरेची आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. स्की मध्ये अरुंद व दोन्हीकडे रुंद असते, त्यामुळे तिची कड म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. त्या वर्तुळाच्या त्रिज्येला स्कीची त्रिज्या किंवा रेडियस म्हणतात, आणि तीही बहुधा बाजूला मीटरमध्ये छापलेली असते. ती स्वतः काढायची तर टोकाच्या आणि शेपटीच्या रुंदीची बेरीज करावी, त्यातून कंबरेची दुप्पट वजा करावी आणि चाराने भागावे. ही झाली कडेच्या कमानीची खोली. मग दोन रुंद ठिकाणांमधील अंतराच्या वर्गाला त्या खोलीच्या आठपटीने भागावे. माझी जुनी जोडी १२८–८८–११० अशी, १६४ सेंटिमीटर लांबीची होती. रुंद ठिकाणांमधील अंतर १.४५ मीटर धरले तर तिची त्रिज्या सुमारे १७ मीटर येते. आताची जोडी १२०–७०–१०२, लांबी १५५, अंतर १.४२ मीटर, आणि त्रिज्या सुमारे १२.३ मीटर.

कागदावर हा फरक पावणेपाच मीटरांचा आहे. पायाखाली तो काय होतो, हे पाहण्यासारखे आहे. स्की कडेवर जितकी अधिक कलवावी तितके वळण आखूड होते. हिशोब असा की त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणावे. दुसरीकडे, सायकल वळणावर कलते त्याच कारणाने, शरीर त्या कोनात तोलून धरायचे तर वेगही तेवढा हवा. वेग कमी पडला तर आपण आतल्या बाजूला आडवे होतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की एक सुटसुटीत सूत्र निघते: वेगाचा वर्ग म्हणजे ९.८ गुणिले स्कीची त्रिज्या गुणिले कोनाचा साइन. उतार जवळजवळ सपाट मानून, ३० अंश कलण्यासाठी माझ्या आताच्या स्कीला ताशी २८ किलोमीटर वेग लागतो, तर जुनीला ३३ लागत असे. खऱ्या उतारावर हे आकडे वळणाच्या प्रत्येक भागात बदलतात. पण दोन स्कींमधील तफावत तशीच राहते. पाच किलोमीटरचा फरक मोटारीत बसलेल्याला क्षुल्लक वाटेल. पडल्यावर अंगावर येणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे येथे जवळजवळ ४० टक्क्यांनी अधिक. आणि माझी भीती नेमकी त्या दोन वेगांच्या मध्ये कोठे तरी बसलेली होती.

एवढे समजले आणि स्कीच्या इतिहासातील एक गोष्टही उलगडली. १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने एससीएक्स नावाची, खोल कमरेची स्की बाजारात आणली. युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच या अभियंत्यांच्या कामातून ती घडली होती. त्याआधीच्या स्की दोन मीटर लांब, जवळजवळ सरळ कडांच्या असत आणि त्यांची त्रिज्या ४० मीटरांहूनही अधिक असे. वरच्या सूत्रात ४० घालून पाहावे: ३० अंश कलण्यासाठी ताशी ५० किलोमीटर वेग लागतो. म्हणजे स्वच्छ कार्व्हिंग हे शर्यतीतल्या लोकांचे काम होते आणि बाकीच्यांनी सरकत वळण्यात काही कमीपणा नव्हता. कडेचा आकार बदलला आणि तीच गोष्ट माझ्यासारख्या बागायतदार बाईच्या आवाक्यात आली.

तेव्हा भाचीला मी पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की ज्या वेगाची तुला भीती वाटत नाही त्या वेगाला वळणारी स्की घे. तिच्या उंचीच्या आणि तिच्या टप्प्यावरच्या मुलीसाठी ही त्रिज्या १२ ते १४ मीटरांच्या दरम्यान असावी, असे माझे मत आहे. आणखी कमी घेतली तर आणखी सोपे होईल, असा पुढचा विचार मनात येतो आणि तो फसवा आहे. दहा-अकरा मीटरची स्की जराशी कलली की चटकन वळते, आपण तिच्यावर नुसते उभे राहतो आणि वळण ती घेते. मोठे, संथ वळण तिच्यावर गिरवताच येत नाही. शिवाय एकाच नमुन्याची त्रिज्या लांबीप्रमाणे बदलते. जाहिरातीत १४ मीटर लिहिलेले असते ते कोणत्या एका लांबीचे, आणि आपण घेतो ती वेगळीच लांबी, असे होऊ शकते. आपल्या लांबीसमोरचाच आकडा पाहावा.

कंबरेच्या रुंदीबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे, कारण त्याचा संबंध गुडघ्याशी आहे. स्की कडेवर असताना बर्फाचा सगळा प्रतिकार त्या कडेवर येतो, आणि आपल्या नडगीचा आधार असतो बुटाच्या मध्यावर. या दोहोंमधील अंतर म्हणजे कंबरेची निम्मी रुंदी. ८८ मिलिमीटरच्या स्कीत ते ४४ आहे, ७० च्या स्कीत ३५. हे नऊ मिलिमीटर बोटाच्या पेराएवढेही नाहीत, पण तरफ सव्वापट लांब झाली, आणि कडक बर्फावर स्कीला पुन्हा सपाट पाडू पाहणारा तो जोर दिवसभर गुडघ्याने सोसायचा असतो. गुडघ्यातील पुढचा स्नायुबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटण्याचे प्रमाण स्कीइंग करणाऱ्या स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते. ते रुंद स्कीमुळेच होते असे मी म्हणत नाही. ते बहुधा पडताना पिळवटल्यामुळे होते. परंतु थकलेला गुडघा घेऊन दुपारी तीन वाजता शेवटची फेरी मारणे मला पटत नाही, आणि जुनी स्की मला दोन वाजताच थकवत असे. दाबलेल्या उतारावर वळणे सुधारायची असतील तर कंबर ६८ ते ७५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. एकच जोडी घेऊन खोल बर्फातही जायचे असेल तर ८० पर्यंत जावे. त्यापलीकडची स्की चांगली असेल, पण ती दुसऱ्या कामाची आहे.

नवी जोडी घरी आली ती जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाबरोबर. तेथे हंगाम संपताना मागल्या वर्षीचे नमुने बरेच स्वस्त होतात, आणि ते घ्यायला काहीच हरकत नसते. वर्षभरात बहुधा वरचे चित्र बदलते, आतील स्की तीच राहते. जोडी अंगणात उघडली तेव्हा शेजारचे तात्या आले होते. तात्यांनी उभी हयात होड्या बांधण्यात घालवली आहे. त्यांनी एक स्की उचलली, टोक डोळ्याशी धरले, दुसरा डोळा मिटला आणि फळीचा बाक बघावा तशी ती नजरेच्या रेषेत धरून पाहिली. मग दोन्हींचे तळ एकमेकांना लावले, तेव्हा मधल्या भागात बोट जाईल एवढी फट राहिली. "अगो, ही वाकडी झाली की मुद्दाम वाकवली?" त्यांनी विचारले. मुद्दाम वाकवली आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी दाबून ती फट मिटवली, हात सोडले, फट पुन्हा उघडली. हे त्यांनी तीनदा केले. "हां, म्हणजे ही परत दाब देते," असे म्हणून त्यांनी मान डोलावली.

ही फट म्हणजेच कॅम्बर. उभे राहिल्यावर वजनाने ती सपाट होते आणि त्यामुळे टोकाला व शेपटीलाही दाब पोहोचतो. कड पूर्ण लांबीने बर्फाला धरून राहते. याच्या उलट, टोक लवकर वर उचललेले असणे म्हणजे रॉकर. थोडासा रॉकर टोकाला असला तर वळणात शिरणे सोपे जाते. माझ्या जुन्या स्कीत तो दोन्हीकडे भरपूर होता, म्हणजे १६४ सेंटिमीटरची स्की मी वाहत होते आणि कडक बर्फावर तिचा बराचसा भाग हवेतच असे.

तात्यांनी दुसरी गोष्ट केली ती मला दुकानात कोणी दाखवली नव्हती. त्यांनी स्कीची शेपूट पायाच्या अंगठ्यावर टेकवली, टोक धरून ते पिळून पाहिले, आणि मग माळ्यावरून जुनी जोडी आणायला लावून तीही पिळून पाहिली. जुनी हाताला वळली. नवी जवळजवळ वळलीच नाही. लांबीत मात्र नवी सहज वाकत होती. त्यांनी एवढेच म्हटले की वल्ह्याचे पाते पाण्यात पिळवटले तर ते वल्हे काय कामाचे. स्कीच्या निवडीतील सगळ्यात कमी बोलली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती हीच आहे. आपल्या वजनाने स्की कमानीसारखी वाकली पाहिजे, म्हणून लांबीत ती अति ताठ नको; पण पिळाला ती ताठ हवी, नाही तर आपण पायाखाली ३० अंश कलवतो आणि टोकाशी ती वीसच अंश कललेली राहून बर्फावरून सुटते. "मऊ" हा एकच शब्द दुकानदार या दोन्हींसाठी वापरतात, आणि त्यात घोटाळा होतो. आत बीच, ॲश किंवा पॉप्लरसारख्या लाकडाचा गाभा आहे हे ऐकून तात्यांना समाधान वाटले; त्यांचा जन्म फणसाच्या आणि आईनाच्या फळ्यांत गेला आहे. पिळाचा ताठपणा वाढवण्यासाठी लाकडाच्या वर-खाली काचतंतूचे थर असतात, आणि चांगल्या कार्व्हिंग स्कीत टायटॅनल नावाच्या धातूचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पत्रा असतो. नाव ऐकून टायटॅनियम वाटते, पण ते ॲल्युमिनियमचे मिश्रण आहे. त्याने स्की थोडी जड होते. कडक बर्फावर हलकी स्की थरथरते आणि जड स्की शांत राहते, त्यामुळे खांद्यावरून नेताना जे ओझे वाटते ते उतारावर उपकारच करते.

आता भाचीचा मूळ प्रश्न. बायकांची म्हणून विकल्या जाणाऱ्या स्कींमध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच फळीवर मांडलेल्या असतात. काहींत आतली स्की सर्वांसाठीच्या नमुन्याचीच असते आणि वर फुले काढलेली असतात. त्यात वाईट काही नाही, फुलांचे पैसे वेगळे मोजू नयेत एवढेच. काहींत खरोखर विचार केलेला असतो: लांब्या १४५-१५० पासून सुरू होतात, गाभा हलक्या वजनाला वाकेल इतका सौम्य केलेला असतो, आणि स्त्रियांच्या शरीराचा गुरुत्वमध्य उंचीच्या मानाने थोडा खाली असल्यामुळे बूट बसवण्याची खूण किंचित पुढे घेतलेली असते. आणि काहींत, विशेषतः स्वस्त फळीवर, बाई म्हणजे नवशिकी असे गृहीत धरून धातू काढून टाकलेला असतो आणि पीळही मऊ केलेला असतो. तिसऱ्या प्रकारापासून सावध राहावे. स्की माणसाला ओळखत नाही. तिला वजन, वेग आणि कल एवढेच कळते. साठ किलो वजनाच्या पुरुषाला बायकांची चांगली स्की उत्तम चालेल, आणि पंचाहत्तर किलोच्या, जोरकस बाईने सर्वांसाठीचा नमुना बिनदिक्कत घ्यावा.

लांबीचे मी थोडक्यात सांगते. कार्व्हिंगची स्की उभी धरली असता टोक हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावे. माझी उंची १६० सेंटिमीटर, वजन ६१ किलो; १५५ ची स्की मला योग्य बसते. भाचीने येथे आंचल ठाकूरचे नाव काढले. २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरुम येथे कांस्यपदक मिळवून आंतरराष्ट्रीय स्कीइंग स्पर्धेत पदक आणणारी पहिली भारतीय म्हणून ती गाजली, तेव्हापासून आमच्या घरातील मुलींना ती माहीत आहे. स्लॅलम, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून आखूड वळणे घेत जाण्याच्या शर्यतीसाठी स्त्रियांच्या स्कीची किमान लांबी १५५ च आहे, मग तशीच जुनी शर्यतीची स्की स्वस्तात मिळाली तर घेऊ का, असे भाचीला वाटले. घेऊ नये. लांबी तीच, त्रिज्याही जवळपास तीच; पण ती शर्यतीच्या वेगातील दाबाखाली वाकण्यासाठी घडवलेली असते. आपल्या २८ किलोमीटरच्या वेगात ती वाकतच नाही, आणि न वाकलेली स्की ही नुसती घसरणारी फळी असते.

खरे तर पैसे मर्यादित असतील तर आधी बूट घ्यावेत, स्की नंतर. भाड्याचा बूट आत हलतो, आणि घोटा कलवला तरी तो कल स्कीपर्यंत पोहोचेपर्यंत निम्मा विरून जातो. स्त्रियांच्या पिंढरीचा स्नायू पुरुषांच्या मानाने खालपर्यंत उतरलेला असतो, म्हणून बायकांच्या बुटाची मान आखूड आणि वर थोडी फाकलेली असते. हा फरक दिखाऊ नाही, तो पहिल्याच दिवशी कळतो. बुटाचा ताठपणा आकड्यात सांगतात. सुधारू पाहणाऱ्या बाईला ८० ते ९० पुरे, मात्र एका कंपनीचे ८० दुसऱ्या कंपनीच्या ८० इतकेच असतील याची खात्री नसते, त्यामुळे घालूनच पाहावे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड, किती जोराला सुटावे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि आपली पातळी यांवरून तक्त्यात पाहून ठरते. ते काम जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, आणि त्याला आपले वजन खरे सांगावे. मी पहिल्या वर्षी चार किलो कमी सांगितले होते.

राहिला आमच्या हवेचा प्रश्न, जो हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पडत नाही. स्कीची कड पोलादाची असते, आणि कोकणात पोलाद म्हणजे गंजाचे माहेरच. पहिल्या वर्षी मी गुलमर्गहून दिल्ली, आणि तेथून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी असा प्रवास करून आले, ओली स्की पिशवीत तशीच तीन दिवस बंद, आणि आल्या आल्या मोहोराच्या कामाला लागले. पिशवी उघडली ती गणपतीच्या आधी माळा झाडताना. मधल्या काळात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारे वारे त्या माळ्याने अनुभवले होते. कडेवरून बोट फिरवले तर जांभ्याच्या भुकटीसारखी लाल पूड बोटाला लागली, आणि तळाच्या पांढऱ्या प्लॅस्टिकवर लाल ओघळांचे डाग पडले होते. मी कोयता परजते त्या सवयीने दगड घेऊन बसले आणि आणखी नुकसान केले, कारण कोयत्याची धार हाताच्या अंदाजाने लागते आणि स्कीची लागत नाही. तिची खालची बाजू तळापासून अर्धा ते एक अंश उचललेली असते, बाजूची दोन ते तीन अंश आत घेतलेली असते, आणि हे कोन राखण्यासाठी कानस एका छोट्या साच्यात धरून, टोकाकडून शेपटीकडे, एकाच दिशेने ओढावी लागते. धार आहे की नाही, हे पाहायला नखाची पाठ कडेवर आडवी ओढावी. पांढरा भुगा निघाला पाहिजे. भाड्याच्या स्कीवर तो सहसा निघत नाही, आणि त्या कडक बर्फावर का सुटतात याचे अर्धे उत्तर तेथेच मिळते.

आता माझा क्रम ठरलेला आहे. शेवटच्या दिवशी तेथेच स्की कोरडी पुसायची. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी जुन्या इस्त्रीने तळावर मेण वितळवायचे आणि ते कडांवरूनही ओघळू द्यायचे, खरवडायचे मात्र नाही; तो जाड थर पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तसाच राहतो. वर प्लॅस्टिक गुंडाळायचे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. इस्त्री वेगळी ठेवायची, हे सांगायला नको. आमच्याकडे एका पांढऱ्या सदऱ्याने ते शिकवले.

भाचीसाठी मी दोन नमुने वेगळे काढले आहेत, दोन्ही ७० ते ७२ कंबरेचे, १३ मीटरच्या आतबाहेर त्रिज्येचे, एकात धातू आहे आणि एकात नाही. पण पैसे भरण्यापूर्वी येत्या हंगामात तिने माझी जोडी घेऊन औलीला चार दिवस जावे, असे आमचे ठरते आहे. तिची उंची माझ्याएवढीच आहे, वजन पाच किलोंनी कमी. बाइंडिंग तिच्या बुटाला जुळवून घ्यावे लागेल, आणि त्यासाठी बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेला तळाच्या लांबीचा आकडा मला हवा आहे. तिने मला बुटाचा फोटो पाठवला, तो वरून काढलेला.